राक्षसाला मरायला वेळ का लागतो

“अरे, संपव ना आता त्याला! पुन्हा काय गोष्ट सांगत बसला!”

मागच्या रांगेतला मुलगा असं ओरडला तेव्हा पडद्यावर अकाझा नावाच्या राक्षसाचं मुंडकं उडालं होतं आणि धड मात्र पडायला तयार नव्हतं. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं. तेवढ्यात एका मुलीचा हात येऊन त्या धडाचं मनगट धरतो, आणि गोष्ट सरळ उठून भूतकाळात जाते. एक किडकिडीत पोरगा. अंथरुणाला खिळलेला बाप. बापाच्या औषधासाठी मारलेली पाकिटं. पकडला गेल्यावर चोर म्हणून दोन्ही हातांवर गोंदलेल्या काळ्या पट्ट्या.

माझ्या डावीकडे भाचा “झालं!” म्हणत खुर्चीत खाली घसरला. उजवीकडे माझी मुलगी चष्मा काढून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसत होती. एकाच दृश्याने एकाला जांभई आली आणि दुसरीला रडू फुटलं. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मनाने अजून तिथेच बसलोय.

चित्रपट होता ‘डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’, राक्षस मारणाऱ्या तलवारबाजांचा जपानी ॲनिमेशनपट. जपानमध्ये १८ जुलै २०२५ ला लागला आणि आपल्याकडे १२ सप्टेंबरला. त्याच शुक्रवारी मराठीत ‘दशावतार’ लागला. त्यामुळे आमच्या भांडुपच्या घरात दोन तट पडले. आईला माझी बहीण ‘दशावतार’ला घेऊन गेली आणि पोरांनी रविवारी सकाळी साडेसातच्या खेळाला मला मुलुंडला नेलं. बाहेर पाऊस. रिक्षातून हिरव्या-काळ्या चौकड्यांचे जपानी अंगरखे घातलेली मुलं उतरत होती, छत्रीखाली एकमेकांचे फोटो काढत होती. पितृपक्ष चालू होता, पण या गर्दीला गणपती नुकते येऊन बसल्यासारखा उत्साह होता.

पोरांची अधीरता मला समजते. २०२० साली आलेल्या आधीच्या चित्रपटात, ‘मुगेन ट्रेन’मध्ये, याच अकाझाने पोरांच्या लाडक्या तलवारबाजाला, रेंगोकूला मारलं होतं. जपानच्या तिकीटबारीवरचा कमाईचा तोवरचा विक्रम त्या चित्रपटाने मोडला, आणि जगभरच्या लाखो पोरांच्या मनात एक हिशेब उघडा राहिला. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा होता. लॉकडाऊननंतर कधीतरी त्याने तो घरात बसून पाहिला आणि दोन दिवस धड जेवला नाही, असं बहीण सांगते. म्हणजे हा पोरगा इतकी वर्षं त्या सुडाची वाट पाहत होता. आणि सूड ऐन तोंडाशी आला असताना पडद्यावर मारेकऱ्याच्या आजारी बापाची गोष्ट.

खेळ सुटल्यावर आम्ही मिसळ खायला बसलो. टेबलं कमी, माणसं जास्त, त्यामुळे अंगरखेवाली आणखी दोन मुलं आमच्याच टेबलावर आली. ओळखपाळख नाही, पण पाव येईपर्यंत सगळे तावातावाने बोलायला लागले होते.

भाच्याचं म्हणणं स्पष्ट होतं. “मामा, समज शेवटची ओव्हर आहे. सहा बॉलमध्ये बारा हवेत. बॉलर रनअपला लागलाय आणि टीव्हीवर त्याचं बालपण दाखवायला लागले. तू काय करशील?”

“वैतागेन.”

“मग!”

समोरचा मुलगा त्याच्याच बाजूचा. तलवारबाजांपैकी झेनित्सुची लढाई त्याला सगळ्यांत आवडली, कारण ती विजेसारखी आली आणि गेली. शिनोबु या तलवारबाज मुलीच्या भागात आठवणी जास्त आणि लढाई कमी, अशी त्याची तक्रार. दुसरा म्हणाला, १५५ मिनिटं बसवलं आणि शेवटी गोष्ट अर्धीच, कारण हा तीन चित्रपटांतला पहिला. मग हिंदी की जपानी यावरून जुंपली. जपानी आवाजात नाही पाहिला तर पाहिलाच नाही, असं एकाचं ठाम मत. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून म्हणाल्या, “हिंदीत होता म्हणून माझ्या पोरांना कळला. खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत चित्र निघून जातं.” मला त्यांचं पटलं. आम्ही जपानीत पाहिला, आणि अकिरा इशिदा यांचा अकाझाचा आवाज, उन्मत्त राक्षसापासून दबलेल्या पोरापर्यंत खाली उतरत जाणारा, कानात राहिला हे खरं. पण भाषेवरून प्रेक्षकांची प्रतवारी लावू नये. चाळीच्या गॅलरीतून दुसऱ्याच्या टीव्हीवर दूरदर्शनचं ‘जंगल बुक’ पाहणारी आमची पिढी. तीही जपानी माणसांनीच काढलेली चित्रं होती, आणि मोगली आमच्याशी हिंदीत बोलला म्हणून आमचा झाला.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. ती बारावीनंतर ॲनिमेशन शिकते. शेवटी ती एवढंच म्हणाली, “तुम्ही ज्याला मधे घुसवलेलं म्हणताय ना, ते पहिल्यापासून पडद्यावरच होतं.” पुढे बोलली नाही. मिसळ तिखट होती म्हणून की अजून घसा भरलेला होता म्हणून, कोण जाणे.

भाच्याच्या बाजूने एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मूळ चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकात छापून आली. आठवड्याला एक प्रकरण. तिथे लढाई अर्ध्यावर सोडून बालपणात गेलं तरी वाचकाला मधे सात दिवस मिळायचे. शाळा, अभ्यास, झोप. तेच सगळं एका बैठकीत समोर ओतलं की आठवणींची रांग लागते. शिवाय या चित्रपटातली माणसं डोळ्यांना दिसतंय ते तोंडानेही सांगतात. तलवार उचलली की तलवार का उचलली याचा खुलासा. तिथे मीही चुळबुळलो. कात्री लावायला जागा होती. अकाझाच्या गोष्टीला मात्र ती लावू नये, आणि ते का, हे मला त्या रात्री घरी कळलं.

रात्री मुलीने तिचा लाइट बॉक्स काढला. खालून उजेड येणारी काचेची पाटी, वर भोकं पाडलेले कागद खुंट्यांत अडकवायचे, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. कॉलेजच्या कामासाठी तिने एक हालचाल काढली होती: आजी नारळ फोडते. पाटावर बसलेली माझी आई, डाव्या तळहातावर नारळ, उजव्या हातात कोयता. चौदा कागद.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी पळतात, तिने सांगितलं. जपानी ॲनिमेशनमध्ये बहुतेकदा एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. कुठे चित्रं वाढवायची आणि कुठे एकाच चित्रावर थांबायचं, सगळी कला त्यात. “बाबा, घाव काढायला काही लागत नाही. माझ्या घावाला दोनच चित्रं आहेत. बघ.”

तिने कागद बोटांत धरून फर्र्कन सोडले. आईचा हात वर गेला, कानाच्या रेषेत कोयता थांबला, आणि खाली आला. खट्. आवाज नव्हता, पण मला ऐकू आला.

मग तिने मधले चार कागद काढून घेतले. कोयता वर थांबतो ते. पुन्हा सोडले. हात वर गेला आणि खाली आला, माशी हाकलल्यासारखा. नारळ फुटलेला दिसत होता, पण तो त्या घावाने फुटला असं वाटेना.

“वजन थांब्यात असतं,” ती म्हणाली. सर सांगतात म्हणे वर्गात.

मग तिने मोबाइलवर अकाझाचा एक जुना प्रसंग लावला आणि थांबवला. तो लढायला पवित्रा घेतो तेव्हा त्याच्या पायाखाली एक आकृती उमटते, होकायंत्रासारखी. आजवर मी ती नुसती शोभा समजत होतो. ती हिमकण आहे. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं, त्या कोयुकीच्या केसांत तसाच हिमकणाचा काटा होता. तिच्या नावातच बर्फ आहे. त्याच्या हल्ल्यांची नावं शोभेच्या दारूकामाची, कारण तिला दारूकाम दाखवायचं त्याने कबूल केलं होतं. राक्षस झाल्यावर तो सगळं विसरला. बाप विसरला, गुरू विसरला, तीही विसरला. पण बायकांना त्याने कधी मारलं नाही, आणि दर लढाईला तो तिच्याच केसांतल्या काट्यावर उभा राहिला. थिएटरातली पोरं ज्या फटक्यांवर शिट्ट्या मारत होती, ते फटके एका विसरलेल्या लग्नाच्या अंगणात चालले होते. मुलीचं मिसळीच्या टेबलावरचं वाक्य मला तेव्हा उमगलं. गोष्ट मधे घुसली नव्हतीच. ती पहिल्या ठोशापासून पायाखाली होती.

आई पलंगावर पडल्या पडल्या आमचं ऐकत होती. आईशी आम्ही मालवणीच बोलतो.

“मगे, मेलो काय राकस?” तिने विचारलं.

“मेलो. पण कोणी मारूक नाय. आपणच आपल्याक संपवल्यान.”

“मगे तेच्या पोटात माया असतली,” आई म्हणाली आणि कूस बदलली.

हे तिला असं चटकन कळलं याचं मला नवल वाटलं नाही. तिचं सगळं लहानपण राक्षसांच्या संगतीत गेलंय. आमच्या गावच्या जत्रेत पालखी झाली की मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहायचा. मे महिन्यात गावी गेलो आणि आसपास कुठे नाटक असलं, तर आम्हीही गोधडी घेऊन जायचो. एक बाकडं, तेच सिंहासन, तोच डोंगर. पेटी, मृदंग, झांज. हातात लिहिलेलं नाटक नाही, सगळी बोलणी तिथल्या तिथे सुचलेली. राक्षस यायचा तो मृदंगाच्या थापेवर बाकडं दणाणून सोडत, आणि पुढे बसलेली आम्ही पोरं मागे आयांच्या मांडीत पळायचो. मग युद्ध. दोघं गोल फिरायचे, तलवारी आपटायच्या, लय चढत चढत जायची, आणि एकदम मृदंग थांबायचा. राजा बोलायचा. राक्षस बोलायचा. एखादं पद व्हायचं. पुन्हा थाप, पुन्हा युद्ध. मरायच्या आधी तर राक्षस एवढा बोलायचा की आमचे डोळे मिटायला लागायचे.

पहाटे परतताना वाटेवर कंदिलांची रांग असायची आणि रांगेत नाटकावर चर्चा. कुणी म्हणायचं, आज राजापेक्षा राकसाचो पार्ट बरो झालो. कुणी म्हणायचं, युद्ध रंगला, पण मरताना लय बोललो. एकदा पुढे चालणाऱ्या एका म्हाताऱ्याने मागे न बघता त्याला उत्तर दिलं होतं. त्याचा चेहरा मला आठवत नाही, कंदिलाच्या उजेडात दिसणाऱ्या पोटऱ्या तेवढ्या आठवतात. तो म्हणाला, “मरताना नाय बोलतलो तर मगे कधी बोलतलो?”

आपल्या पुराणात हे फार जुनं आहे. हिरण्यकशिपू, रावण, कंस नव्हे पण शिशुपाल, हे तिन्ही जन्म एकाच द्वारपालाचे. जय आणि विजय वैकुंठाच्या दारावर उभे असायचे, शाप मिळाला आणि राक्षस झाले. ज्याला देव मारतो तो मूळचा देवाच्याच दारावरचा राखणदार, हे कीर्तनकार आधी सांगतो आणि मग वध सांगतो. आता गंमत बघा. अकाझाचं माणूसपणीचं नाव हाकुजी. त्या नावातलं पहिलं अक्षर जपानी देवळाच्या दारात बसवलेल्या दगडी राखणदार कुत्र्याच्या नावातलं आहे. त्याचा गुरू केइझो त्याला सांगतो की तू त्या राखणदारासारखा आहेस, राखायला कुणीतरी असल्याशिवाय तुला जगता येत नाही. त्या माणसाला राखायला दोन जीव मिळाले होते. लग्न ठरल्याचं बापाच्या थडग्यापाशी सांगायला तो एक दिवस बाहेर गेला आणि शेजारच्या तालमीतल्या लोकांनी विहिरीत विष घातलं. गुरूही गेला, कोयुकीही गेली. त्याने तालमीतली ६७ माणसं नुसत्या हातांनी मारली. त्यानंतर राक्षसांचा म्होरक्या मुझान याला त्याला राक्षस करायला फार काही करावं लागलं नाही.

आईला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. ती वाल सोलत होती. मी चित्रपट सांगतोय की शेजारची बातमी, असा तिचा चेहरा. बापाने गळफास घेतला आणि मागे लिहून ठेवलं की पोरा, अजून तुला नीट जगता येईल, इथे आल्यावर तिचे हात थांबले. शेवट सांगितला: गोष्टीचा नायक तांजिरो याच्या हातातून तलवार निसटते, तो नुसत्या मुठीने ठोसा मारतो, आणि त्या ठोशात अकाझाला गुरूचा ठोसा दिसतो. मग तो तांजिरोकडे बघून हसतो आणि आपला घाव आपल्याच अंगावर घेतो. बाप भेटतो, गुरू भेटतो, ती भेटते.

बराच वेळ आई काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्या चाळीतलो तो. माझी बादली तिसऱ्या माळ्यार नेवन ठेवी.”

नाव तिने घेतलं नाही. मीही इथे घेत नाही.

आम्ही लालबागला राहायचो. त्याचे वडील माझ्या बाबांबरोबर एकाच गिरणीत, साचेखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, तो तेराचा. अडीच लाख माणसं घरी बसली. कोकणातली बरीच बिऱ्हाडं गावी गेली, आमची दोन राहिली. त्याच्या वडिलांच्या छातीत गिरणीतला कापूस बसला होता, रात्रभर खोकायचे, भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचं. पहाटे नळावर रांग लागायची. तो आईच्या कळशीचा नंबर राखायचा, भांडण झालं तर मधे उभा राहायचा. गोविंदात नेहमी खालच्या थराला. वर चढायची हौस त्याला नव्हती, खांदा द्यायची होती.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरून गेला. तोवर पोरगा सिनेमाच्या दारात तिकिटं ब्लॅक करायला लागला होता. “पाच का दस, पाच का दस.” त्या पैशांतून औषधाच्या बाटल्या यायच्या हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मला त्याने भावाभावात तिकीट दिलं आणि वर चार आण्यांचे शेंगदाणे. मग तो कुणासाठी तरी पाकिटं पोचवायला लागला. मग चाळीत कमी दिसायला लागला. वडील गेले तेव्हा आला होता, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी चौघं होते आणि माणसं वाट सोडत होती. जिन्यात त्याने मला हाक मारली. मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होतो. ऐकू न आल्यासारखं करून मी वर गेलो.

नव्वदीच्या मध्यात एके सकाळी पेपरात चार ओळी आल्या. टोळीयुद्धात एक ठार. नावामागे ‘कुख्यात’ हा शब्द होता आणि नावापुढे वय. नळ नव्हता, बादली नव्हती, खोकला नव्हता. बाबांनी पेपर घडी करून ठेवला. अंत्ययात्रेला चाळीतलं कुणी गेलं की नाही मला माहीत नाही. मी गेलो नाही.

म्हणून भाच्याशी माझं एवढंच भांडण आहे. त्याचा राग खरा आहे, रेंगोकूसाठी त्याचं न जेवणं खरं आहे, आणि चित्रपटही अकाझाला माफ करत नाही. तांजिरो त्याचं मुंडकं उडवतोच. फक्त उडवल्यावर गोष्ट तिथे थांबते, धडापाशी बसते, आणि तो कोण होता ते सांगून मग उठते. माझ्या शहरात मी असं थांबणं फार कमी पाहिलंय. चार ओळींत माणूस संपतो आणि आपण पान उलटतो. १५५ मिनिटांतली काही मिनिटं कुणी एका राक्षसापाशी बसून राहिलं, तर त्यासाठी मी खुर्चीत अवघडून बसायला तयार आहे. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मामा, पुढच्या वेळी मी परत बघतो तेवढा भाग. पण लांब आहेच तो.” आहे. मान्य.

पुढच्या रविवारी, २१ तारखेला, सर्वपित्री होती. बाबांचा म्हाळ आम्ही त्याच दिवशी करतो. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर. सकाळी आई पाटावर बसून खिरीसाठी नारळ फोडायला लागली. मुलगी दारात टेकून तिच्या हाताकडे बघत होती, अजून काहीतरी चुकलंय म्हणे त्या चौदा कागदांत. केळीची पानं धुऊन ठेवली होती. दर वर्षी बाबांच्या वाडीशेजारी, म्हणजे त्यांच्या नावाने वाढलेल्या पानाशेजारी, आई आणखी एक छोटी वाडी ठेवते, ज्यांचं करणारं कुणी नाही त्यांच्या नावाने. त्यात ती कुणाकुणाला धरते हे मी कधी विचारलं नव्हतं.

तिने नारळ तळहातावर फिरवून शीर बघितली. कोयता वर गेला. कानाच्या रेषेत येऊन थांबला.

“त्या जपानातल्या झिलाचा नाव काय म्हटलंस?”

“हाकुजी,” मी म्हणालो.